सशाबरोबरचे फोटो

२ फेब्रुवारी, रविवार

वाचनालयाच्या दारावर कागद चिकटवलाय — ‘जुन्या बागेतले फोटो आणून द्यावेत. प्रदर्शन भरवत आहोत.’ बाग म्हणजे आपली आकाशपाळण्याची. छोटी आगगाडी, बदकांच्या होड्या, भुताचा बंगला, सगळं मोडून अठरा वर्षं झाली. तिथे आता इमारती आहेत.

पुस्तक परत करायला गेले तर ग्रंथपालबाई म्हणाल्या, तुम्ही तिथे तिकीट-खिडकीवर होतात ना? तुमच्याकडे ढीगभर फोटो असतील. बघते म्हटलं आणि सटकले.

तिकीट-खिडकीवर मी एक दिवससुद्धा बसले नाही. मी ससा होते. अकरा वर्षं. दारातून आत आलं की हात हलवणारा, पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढून घेणारा, पांढरा, मोठ्या कानांचा ससा — त्याच्या आत मी.

हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. चौसष्टाव्या वर्षी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कसं झालं ते लिहूनच टाकते.

यांचा छापखाना बंद पडला होता. आठ महिने हे घरी. मी खिडकीच्या जागेसाठी गेले तर ती आदल्या दिवशीच भरलेली. मॅनेजर गृहस्थ चांगला होता. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, एक जागा आहे, पण तोंड दिसणार नाही. पोशाख बुटक्या माणसाच्या मापाचा शिवलेला आणि मी पाच फुटांना दोन बोटं कमी! आयुष्यात पहिल्यांदा उंची कामी आली.

घरी येऊन यांना सांगितलं. हे इतके हसले की खुर्चीचा हात धरावा लागला. मग गंभीर झाले. सासूबाईंना हे पचणार नव्हतं — घरची सून चारचौघांत उड्या मारते म्हटल्यावर त्यांनी अन्न सोडलं असतं. ‘खिडकीवर बसतेस म्हणून सांगू. खिडकीच आहे की, जराशी लहान.’ सशाच्या तोंडाला काळी जाळी होती, त्यातूनच मला दिसायचं. तेवढीच खिडकी.

सासूबाई गेल्या तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर चिरंजीव शाळेत मोठ्या वर्गात. पोरं चिडवतील म्हणून नाही सांगितलं. मग राहूनच गेलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

माळ्यावरची पेटी काढली. बागेतला एकही फोटो नाही. असणार कुठून, मीच आणू दिला नाही कधी.

९ फेब्रुवारी, रविवार

वाचनालयात सगळी दुपार गेली.

लोकांनी केवढे फोटो आणून दिलेत! लांब टेबलावर पसरलेत. बरेचसे लालसर पडलेले, कडा दुमडलेल्या, काहींच्या पाठीला अल्बमचा काळा कागद तसाच. ग्रंथपालबाई म्हणाल्या, तुम्हाला बागेची माहिती आहे, लावून द्याल का? लावायला बसले आणि अर्ध्याहून जास्त फोटोंत ससा.

ससा आणि जुळ्या मुली. ससा आणि लष्करातून सुट्टीवर आलेला एक जवान, गणवेशात, लाजलेला. ससा आणि एक नवं जोडपं — नवरीने सशाचा हात धरलाय, नवऱ्याचा नाही. एका आजोबांनी तर सशाच्या गळ्यात हात टाकलाय, जसे काही वर्गमित्रच.

फोटो द्यायला आलेली माणसं थांबून बोलत होती. एक बस कंडक्टर सांगत होता, त्याची आई आजारी होती, बागेत आणली तो तिचा शेवटचा बाहेरचा दिवस. ससा तिच्या चाकाच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसला. ‘ती घरी येईपर्यंत हसत होती, बाई.’ मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले. मला ती बाई आठवते. तिने माझा पंजा उलटा करून पाहिला होता, तळवा कसा आहे म्हणून.

आत काय असायचं ते कुणाला माहीत? कागदाच्या लगद्याचं डोकं, मानेला टॉवेल गुंडाळला नाही तर हनुवटी सोलून निघायची. घाम पाठीवरून टाचेपर्यंत. कान दाराच्या चौकटीला आपटायचे. बोलायचं नाही हा पहिला नियम, डोकं काढायचं नाही हा दुसरा. आणि मी तेव्हा रोज कुरकुर करायचे! आज वाटलं, या गावातल्या शंभर घरांत मला जपून ठेवलंय. ओळख ना पाळख. कुणाचे आभार मानू?

चिरंजीवांचाही फोटो सापडला — नऊ वर्षांचा, वर्गाच्या सहलीतला. त्या दिवशी त्याने मित्रांना दाखवायला सशाच्या नडगीवर लाथ मारली होती. मी लंगडत घरी. विचारतो कसा — आई, पायाला काय झालं? पायरी चुकली म्हटलं. मलम त्यानेच चोळून दिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज फोटोवाले आले. बागेचे फोटोग्राफर. पंच्याऐंशीच्या पुढचे असतील, भाच्याने हाताला धरून आणलं. बरोबर पत्र्याची पेटी — लोकांनी न नेलेले फोटो.

मी कपाटाकडून टेबलाकडे चालत होते. म्हातारा पाठीमागून म्हणाला, ‘ससेबाई.’

बागेत काम करणारे सगळे मला हेच म्हणायचे. वीस-पंचवीस वर्षांनी कानावर पडलं. म्हटलं, ओळखलंत कसं? म्हणाले, तोंड तर मी कधी बघितलंच नाही नीट, चालीवरून ओळखलं. अजून पाय उचलून टाकता.

ग्रंथपालबाई ऐकत होत्या. त्यांना खरं सांगावं लागलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग विचारलं, बाकी कुणाला माहीत आहे? बागेतली जुनी माणसं सोडली तर कुणाला नाही म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, भल्या बाई आहेत.

फोटोवाल्यांनी पेटीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत हे! सशाशेजारी, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, बरोबर मूल नाही, कुणी नाही. लग्नाच्या वाढदिवसाला आले होते. पोरांच्या रांगेत अर्धा तास उभे राहिले. बाकीचे सगळे लोक फोटोत कॅमेऱ्याकडे बघतात. हे सशाच्या तोंडातल्या जाळीकडे बघताहेत. आत माझे डोळे कुठे असतात ते यांना बरोबर ठाऊक.

तेव्हा मीच म्हटलं होतं, हा घरी नको, सासूबाई विचारतील. फोटोवाल्यांनी इतकी वर्षं सांभाळला. यांना जाऊन बारा वर्षं झाली. आज भेटले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाई माहेराहून फोटो घेऊन आली, प्रदर्शनाला द्यायला. पाच वर्षांची ती, दोन वेण्या, डोळे रडून सुजलेले, आणि सशाच्या मांडीवर. सशाचा पंजा तिच्या पाठीवर.

जेवताना सांगत होती. आई धाकट्या भावाला पाणी प्यायला घेऊन गेली आणि ही गर्दीत चुकली. बाकावर बसून रडत होती. लोक येऊन नाव विचारायचे, पत्ता विचारायचे, ती जास्तच रडायची. ससा आला आणि काहीच विचारलं नाही. शेजारी बसला. मग केव्हातरी मांडीवर घेतलं आणि आई सापडेपर्यंत नुसतं थोपटत राहिला. तासभर तरी. ‘मी तेव्हा वडिलांच्याही मांडीवर बसायची नाही. आणि गंमत म्हणजे अजूनही घाबरले ना, की तो पंजा आठवतो. बाळंतपणातसुद्धा आठवला.’

चिरंजीव हसले. 

हरवलेली पोरं दर आठवड्याला दोन-तीन असायची. ही आठवत नाही. पण ही ती, आणि नऊ वर्षं माझ्याच घरात वावरतेय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

जेवणं झाल्यावर, ताटं तशीच असताना. मी खिडकीवर नव्हते. ससा मी होते. बास, एवढंच.

 चिरंजीव हळूच म्हणाले, म्हणजे ती लाथ... मी म्हटलं, हो, ती पायरी. उठून माझ्यापाशी आला, खाली बसला आणि माझा पाय हातात घेऊन बघायला लागला. एकतीस वर्षांनी काय दिसणार आहे तिथे? चाळीस वर्षांचा बाप्या रडायला लागला. मी टपली मारली.

 सूनबाईने ताटं उचलली, धुतली, हात पुसून आली आणि माझ्यासमोर बसली.

‘आई, तुम्हाला मी आठवते?’

नाही असं म्हणायला हवं होतं. तिच्या तोंडाकडे बघून म्हणवेना. आठवतेस, म्हटलं. तिने माझा हात घेऊन स्वतःच्या पाठीवर ठेवला. मी थोपटलं.

आमचं कधी वाजलं नाही, पण असं जवळही कधी बसलो नव्हतो. ती या घरात आली तेव्हा हे जाऊन तीन वर्षं झाली होती. सासरे तिने पाहिलेच नाहीत. आम्हा दोघांना जोडणारा माणूसच नव्हता मधे. आता ससा आला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चहा आज सूनबाईने बिछान्यावर आणून दिला. साखर घालायची विसरली. सगळा प्यायले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

प्रदर्शन उघडलं. केवढी गर्दी! एक भिंत नुसती सशाची. वर ग्रंथपालबाईंनी माझ्या परवानगीने पाटी लावली — ‘या सशाच्या आत या बाई होत्या’, खाली माझा आत्ताचा फोटो, चष्म्यासकट.

बायका येऊन हात हातात घेत होत्या. बस कंडक्टर आला. त्याने वाकून नमस्कार केला. एक पोक्त डॉक्टर म्हणाले, मी तुमचं शेपूट ओढलं होतं, माफ करा. मी म्हटलं, तुम्ही एकटे नाही, ते दरवर्षी नवीन शिवावं लागायचं.

चिरंजीव दाराशी उभे राहून येईल त्याला सांगत होते, माझी आई. सूनबाईच्या फोटोपुढे लोक जास्त थांबत होते. ती मला बोलावून बोलावून त्या फोटोशेजारी उभी करत होती.

सासूबाई असत्या तर? अन्न सोडलं असतं. मग रात्री हळूच विचारलं असतं, आत उकडत नव्हतं का गं?

भरून पावले. दुसरा शब्द नाही.

१ मार्च, शनिवार

आज फोटो उतरवले. ज्याचे त्याला परत द्यायचे म्हणून मी एकेक पाकिटात घालत होते. फोटोवाले प्रत्येक फोटोच्या पाठीवर तारखेचा शिक्का मारायचे. सूनबाईच्या फोटोची पाठ आज पहिल्यांदा पाहिली.

त्या तारखेला मी इस्पितळात होते. पोटाचं ऑपरेशन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी. चूक शक्य नाही, तो कागद अजून माझ्या फायलीत आहे. घरी येऊन तीनदा ताडून पाहिला.

सहा आठवडे मी कामावर नव्हते. परत गेले तेव्हा मॅनेजर म्हणाले होते, काळजी करू नका, सशालाही रजा दिली होती. जागा राखली म्हणून मी त्या माणसाला जन्मभर दुवा दिला.

मग हा ससा कोण? आणि सूनबाईला मी कुठल्या तोंडाने ‘आठवतेस’ म्हटलं? ती जे आभार माझ्या पदरात घालतेय ते कुणाचे आहेत?

घरात काही बोलले नाही. उद्या सकाळी फोटोवाल्यांकडे जाते.

२ मार्च, रविवार

हे होते.

आठवडाभरात ससा उभा राहिला नाही तर दुसरं माणूस घेऊ, असं मॅनेजरनी यांना सांगितलं होतं. हे तेव्हा नव्या छापखान्यात लागलेले. दुपारी सुटले की थेट बागेत. सहा आठवडे. फोटोवाल्यांना बजावलं होतं — तिला कळू देऊ नका, हसून टाके तुटतील. पोशाख यांना आखूड. भिंग लावून पाहिलं, फोटोत सशाच्या पायजम्याखाली चार बोटं काळा मोजा दिसतोय.

आणि मी इस्पितळात रोज रुसायचे, भेटायला इतका उशीर का करता म्हणून. जादा काम आहे म्हणायचे. बसल्या-बसल्या डोळा लागायचा यांचा.

सूनबाई बाजारात गेलीय. आली की सांगते तिला — तुझी आणि सासऱ्यांची भेट झालेली आहे.