खोली गरम होईपर्यंत

१९ डिसेंबर २००३
मुलगा झाला! केडगावला, पूनमच्या माहेरी. आईनं लगेच शेगडी काढली. म्हणालो, माझं पोर धुरात झोपणार नाही. वरच्या खोलीत भंगारात घेतलेला एसी आहे, तो गरम हवाही देतो. दोष एकच. कॉम्प्रेसर सुरू होताना धाड्कन् वाजतो, पोर दचकेल. ड्राइव्ह बसवायचा, म्हणजे मोटर पाहिजे त्या स्पीडनं, गुपचूप चालेल. आठ दिवसांचं काम. बारसं त्याच खोलीत. पूनमला फोनवर सांगितलं, खोली तयार झाल्याशिवाय यायचं नाही. ती ‘बरं’ म्हणाली. केवढा विश्वास!

२७ डिसेंबर, दुपारी ४
भैरू वायरमन, माझा शाळासोबती. म्हणाला, येड्या, ड्राइव्ह थ्री फेजचा, कॉम्प्रेसर सिंगल फेजचा, जमायचं न्हाई. मी बी.एस्सी. फिजिक्स, तो आयटीआय नापास. जोडला. कपॅसिटर फुटला. आईनं बाळासाठी शिवलेल्या गोधडीवर त्यातलं तेल. भैरू म्हणतो, सांगितलं व्हतं की. खऱ्या मित्रानं हात धरला असता.

५ जानेवारी
पूनमचा फोन. बाराव्या दिवसाचं बारसं राहिलं, आता सव्वा महिन्याला करू म्हणतात. म्हणालो, तोपर्यंत नक्की. मेहुणा स्वराज मागून ओरडला, दाजी, पोराला मिशा फुटल्यावर बोलवा! सगळे हसले. त्यात पूनमचं हसू ओळखू आलं.

१४ जानेवारी
शिक्रापूरच्या भंगारवाल्याकडून थ्री फेज कॉम्प्रेसर आणला. गॅस भरला. एकदम हळू फिरवला. आवाज शून्य! दहा मिनिटं नुसता ऐकत बसलो. आईला बोलावलं. ती म्हणाली, काय ऐकू? चालू तरी हाय का?
अकराव्या मिनिटाला जाम. भैरू म्हणतो, एवढ्या हळू फिरवल्यावर आतलं ऑइल वर चढत न्हाई. आधी का नाही बोलला? म्हणे, तुला सांगायचंच सोडलंय.
आता मशीनही फितूर.

२२ जानेवारी
दौंडला कोंडिबा मिस्त्री कॉम्प्रेसर कापून उघडतो. चार दिवस तिथंच मुक्काम. आईला बजावलं, काम होईपर्यंत कुणीही फोन करायचा नाही. एसटी चौफुल्याला थांबली. पूनमचं माहेर तिथून जवळच. उतरलो नाही. रिकाम्या हातानं पोराला काय तोंड दाखवायचं?

२५ जानेवारी
कोंडिबा म्हणाला, हे भंगारात घाला. माणसाला स्वतःच्या कामाचा अभिमान नाही. उद्या घरी. नवीन प्लॅन तयार आहे.

२६ जानेवारी, संध्याकाळ
दारात नवीन चपला. पूनम शनिवारी आली. बारसं काल झालं. खालच्या खोलीत. सगळी गल्ली जेवली, भैरू दोनदा. सगळे सामील!
पूनमला विचारलं, मला कळवलं का नाही? म्हणाली, अहो, तुम्हीच म्हणाला होता ना, फोन करायचा नाही. आवाजात राग नव्हता. भांडली असती तर बरं झालं असतं. पोर तिच्या कुशीत झोपलेलं. घ्यायला गेलो तर आई म्हणाली, आधी हात धू, ग्रीस हाय.
हात धुतले. पण आत गेलो नाही. शेजारच्या साखरबाईंकडे पाना मागायला गेलो. सहज विचारलं, नाव आवडलं का हो?
म्हणाल्या, रुद्र व्हय? झ्याक हाय की.
म्हणालो, हो ना. मीच सुचवलेलं.