सकाळच्या प्रार्थनेतलं नाव

प्रिय करुणाबाई,

सलाम. तुम्ही गेलात त्याला महिना होत आला. दफनविधीला मी मागे उभा होतो. रडलो नाही, खोटं कशाला सांगू? आज लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. आपल्या मिशन शाळेतल्या चौथीच्या वर्गाची तुमची सकाळची प्रार्थना पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात घातली आहे. म्हणाले, "दुसरं कुणी मिळेपर्यंत तू उभा राहा, शमुवेल. नाहीतरी रिकामाच आहेस!"

कॉलेज अर्धवट सोडून आलेल्याला कुणीही काहीही काम सांगतं. का सोडलं, ते तुम्हाला ठाऊक होतं. मार्थावर माझं मन होतं, हेही. तिच्यावरून एकजण काहीबाही बोलला, मी त्याच्या कानाखाली वाजवली. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी वह्या तिथेच टाकल्या, पुण्याहून गाडीत बसलो आणि कासारवाडीला उतरलो. सगळे बोलले. तुम्ही का नाही रागावलात हो? रागावायला हवं होतं.

तुमची ती रीत! ज्याच्याशी भांडण झालं, त्याचं नाव घेऊन सगळ्या वर्गासमोर त्याच्यासाठी देवाकडे मागायचं. मी तुमच्या वर्गात असताना गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या उस्मानशी माझी गोट्यांवरून मारामारी झाली होती. तो म्हणाला, "बाई, मी तर मुसलमान."

"मग घरी मागतात तसं माग. मनात नसलेलं मात्र मागू नकोस."

त्याने हात पसरले. "या अल्ला, शमुवेलला अक्कल दे. आणि जरा लवकर दे."

तुम्हीसुद्धा तोंडाला पदर लावलात. माझी पाळी येईपर्यंत माझा राग कुठे गेला, कुणास ठाऊक. शेवटी तुमचं ज्याच्याशी बिनसलं असेल, त्याचं नाव तुम्ही घ्यायचात. कधी तपासणीला येणारे साहेब, कधी तुमची जाऊ. बाईंनाही राग येतो, याचं आम्हाला केवढं नवल वाटायचं!

पाळकसाहेबांना हे काही नको आहे. "बायबलची वचनं पाठ करून घे, तेवढं पुरे." मलाही तेच सोयीचं वाटलं होतं. कारण सांगतो. मार्थाचं लग्न ठरलं आहे. मुलगा दानिएल, पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटर. भला माणूस आहे म्हणतात. असेल. मी मार्थाला जाब विचारायला गेलो, तर ती म्हणाली, "तुझा राग मी जन्मभर सांभाळत बसू का?" बोलणं तिथेच संपलं.

आज सकाळी वर्गात गेलो. म्हटलं, वचन म्हणा. तर सांगवीचा तुकाराम उभा राहिला. "मास्तर, आमचं भांडण झालंय. आदी नाव घ्यायचं न्हाई व्हय?"

त्याने दाऊदचं नाव घेतलं, दाऊदने त्याचं. मी बायबल उघडलं, तरी सगळे माझ्याकडेच बघत होते.

"शेवटी बाई त्यांचं घ्यायच्या," तुकाराम म्हणाला. "तुमचं कोण हाय?"

प्राचार्यांचं नाव सहज घेता आलं असतं. त्यांच्यावरचा राग आता उरलाही नाही. पण मग मी ह्या मुलांना काय शिकवलं असतं? देवापुढेही थाप चालते, हेच ना?

"दानिएल," मी म्हणालो.

पुढे काही येईना. त्याचं भलं कर, एवढं साधं वाक्य. तेही मनात नव्हतं.

"म्होरं?"

"पुढचं अजून येत नाही."

तुकारामने जरा विचार केला. "मग बसा," म्हणाला.

बाई, रीत घालून दिलीत, पण मनात काहीच येत नसेल तर माणसाने काय करायचं, ते का नाही सांगून गेलात? की तुम्हालाही कधी कळलं नव्हतं?

लग्नाला मी जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. पाळकसाहेबांशीही वाद होईल बहुतेक. पण दुसरं कुणी येईपर्यंत मी रोज सकाळी त्या मुलांसमोर दानिएलचं नाव घेईन. पुढचं वाक्य खरं असेल तेव्हाच बोलेन. तोवर गप्प उभा असलेला मास्तर त्यांना दिसेल. दिसू दे.

तुमचा,
शमुवेल