यायलेय म्हणजे आलेय नव्हे

जिंतूर,
दि. १२ जून २०२५

तीर्थरूप मामांस,
संघप्रियाचा सविनय जय भीम, वि. वि.

तुम्हाला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता, म्हणून सगळं लिहूनच कळवते. मामींचा गुडघा आता वाकतो का? आई परभणीत त्यांच्या मदतीला आहे म्हणून तिकडची काळजी नाही. हे पत्र तिला वाचून दाखवा, पण आवाज न चढवता.

मामा, माझी मुलाखत झालीच नाही.

मी एम.एड. केलं त्या विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाचं 'वार्ता आणि संधी' नावाचं पत्रक आम्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या फोनवर दर महिन्याला येतं, हे तुम्हाला सांगितलं होतं. कोण प्राध्यापक झालं, कुणाचा सत्कार झाला, कुठं जागा निघाली, असं सगळं त्यात असतं. एप्रिलच्या पत्रकात अभ्यासवृत्तीची एक जागा होती. दोन वर्षं विभागात राहून काम करायचं आणि पुढं तिथंच शिकवायची संधी. विषय काय, तर 'मुलांची घरची बोली आणि शाळेची भाषा'. मी इथं तासावर शिकवते, दर जूनला पुन्हा अर्ज करते आणि दर जूनला हात जोडते. त्या जागेसाठी वयाची अट तिशीच्या आतली आहे आणि डिसेंबरात मला तीस पूर्ण होतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

मुलाखतीच्या दिवशी गाडी वेळेवर पोचली. विभाग स्टँडपासून तासाभराच्या वाटेवर आहे. रिक्षात बसले आणि विभागाच्या कार्यालयातून मॅडमचा फोन आला. आलात का, असं त्यांनी विचारलं. यायलेय मॅडम, असं मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. माझा नंबर तिसरा होता, हातात भरपूर वेळ होता. पण आधीचे दोघं पोचले नव्हते, म्हणून हजर कोण आहे ते त्या बघत होत्या. मी म्हणाले 'यायलेय' आणि त्यांनी ऐकलं 'आलेय'. माझं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, कुणीच उठलं नाही. मी दारात पोचले तेव्हा आधीच्या दोघांच्याही मुलाखती उरकल्या होत्या, बाहेरून आलेले तज्ज्ञ सर गाडी गाठायला निघाले होते आणि माझ्या नावापुढं 'हजर असल्याचे सांगून अनुपस्थित' असा शेरा पडला होता. मी घड्याळ दाखवलं. मॅडम म्हणाल्या की तुम्हीच आलेय म्हणालात. आमच्याकडं यायलेय म्हणजे वाटेत आहे, असं मी सांगत राहिले आणि त्या माझ्याकडं मी बहाणे करायले असं बघत राहिल्या.

विभागप्रमुखांना लिहायचं आहे. रागात लिहिलं तर चुकेल, म्हणून तुम्हीच कसं लिहू ते सांगा.

लोभ आहेच, तो माझी फजिती वाचूनही कमी होऊ देऊ नये.
आपली भाची,
संघप्रिया


परभणी,
दि. १७ जून २०२५

चि. संघप्रियास सिद्धोधनमामाचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र वाचलं. आवाज चढवू नका म्हणालीस, पण चढला. तुझ्या मामीनं आतून टीव्ही बारीक करायला सांगितलं, तेव्हा कळलं की टीव्ही मीच होतो.

घरच्या बोलीचा अभ्यास करायला निघालेली ही मंडळी, आणि घरच्या बोलीतला एक शब्द कानावर पडला तर उमेदवारच बाद. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. मी जन्मभर मुख्याध्यापकी केली, पण पोरगं वर्गात आहे की रस्त्यात आहे हे फोनवर ठरवलं नाही. उठून दारात पाहायला काय पाय मोडले होते का त्यांचे? गुडघ्याचं ऑपरेशन तर इथं झालंय.

तुझी आई मात्र एसटीला शिव्या घालायली. गाडी वेळेवर होती हे दोनदा वाचून दाखवलं, तरी तिचा एसटीवरचा राग जुना आहे, तो निघतोय. शेजारचे व्यंकटराव म्हणाले की पोरीनं सरळ 'येत आहे' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं. त्यांना मी चहा न देता वाटेला लावलं. पोट भरायला निघालेल्या माणसानं रिक्षात बसून व्याकरण सांभाळायचं का?

आता काम. विभागप्रमुखांना थोडक्यात लिही. ठरलेली वेळ कोणती, तू पोचलीस कधी, शब्दाचा अर्थ काय, एवढंच. रडगाणं नको आणि 'कृपया' एकदाच. शेरा काढावा आणि मुलाखत घ्यावी, हे शेवटी स्पष्ट माग. आपण भीक मागत नाही, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

जेवत जा. बाकी भेटीत, आणि भेट लवकर घडावी ही इच्छा.
तुझा,
सिद्धोधनमामा


जिंतूर,
दि. २ जुलै २०२५

तीर्थरूप मामांस,
सविनय जय भीम, वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं लिहिलं. उत्तर आलं नाही, जुलैचं पत्रक मात्र जूनच्या शेवटच्या आठवड्यातच आलं. त्यात 'सूचना' म्हणून छापलंय की एका ग्रामीण उमेदवाराने हजर असल्याचे कळवूनही मुलाखत टाळली, तरी इच्छुकांनी संधीकडे गांभीर्याने पाहावे. नाव छापलं नाही, मोठे उपकार केले. पण आमचे मुख्याध्यापक सूर्यभान सर त्याच विभागाचे जुने विद्यार्थी. त्यांनी मधल्या सुट्टीत ते मोठ्यानं वाचलं. जिंतूरहून कोण गेलं होतं हे सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी हजेरीवर सही करताना एकानं विचारलं की मॅडम, तुम्ही शाळेत आलात की अजून यायलात. सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

हे झालं रविवारपर्यंतचं. काल विभागप्रमुख सरांचा फोन आला. ज्याची निवड झाली होती त्याला कायमची नोकरी लागली आणि तो सोडून गेला. जागा रिकामी आहे आणि माझं काम सरांना आवडलेलं आहे, पुन्हा मुलाखतीचीही गरज नाही म्हणाले. मामा, मी तीनदा आभार मानले. मग सर म्हणाले की एक छोटासा कागद लागेल. मजकूर त्यांनीच पाठवला. 'मुलाखतीच्या दिवशी मी हजर असल्याची खोटी माहिती दिली व त्यामुळे समितीची गैरसोय झाली, याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सही.

मी म्हणाले, गैरसोयीबद्दल दिलगिरी दहादा लिहून देते, पण खोटी माहिती दिली नाही. सर अगदी गोड आवाजात म्हणाले की वाकळे, शेरा फाइलवर आहे. तुम्ही खोटं बोलला नाहीत असं धरलं तर आमचं कार्यालय चुकलं असं होतं, आणि मग चौकशी, आणि मग ही जागाच अडकते. तुम्ही लिहून द्या, मी फाइल पुढं सरकवतो. सोमवारपर्यंतची मुदत आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आजवर नुसतंच म्हणायचे. मला काही सुचेनासं झालंय. तुम्ही म्हणाल ते करीन असं लिहिणार होते, पण तेवढंही खात्रीनं लिहवत नाही.

माया आहे ती असू द्यावी, आणि उत्तर पत्रानं न पाठवता फोनवर सांगितलंत तरी चालेल.
आपली,
संघप्रिया


परभणी,
दि. ४ जुलै २०२५

चि. संघप्रियास अनेक आशीर्वाद.

उत्तर फोनवर सांगणार नाही. तू मध्ये बोलशील, मला ऐकू येणार नाही आणि आपलं भांडण होईल. जिंतूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती हे पत्र देतोय.

सही कर.

हो, मीच लिहितोय हे. रात्रभर अंगाची लाहीलाही झाली. त्या सरांना काय काय लिहायचं ते मनात लिहून झालं. पण पोरी, मी नोकरीत असताना तासावरची किती पोरं पाहिली. केस पिकले तरी दर जूनला तीच हात जोडणी. त्यांच्यातली ताठ मानेची पोरं मला आठवतात, आणि ती आज कुठं आहेत हेही मला ठाऊक आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी. धर एकदाचे. कागद कपाटात जाईल, तू वर्गात जाशील. उद्या तू तिथं शिकवायला लागलीस की तो कागद कोण काढून बघतंय?

तुझ्या आईलाही विचारलं. माफीच मागायची ना, मग माग म्हणावं, असं ती म्हणाली. तिनं तर तुझ्यासाठी नवी गोधडी शिवायला घेतलीय, तिकडं थंडी असते म्हणून.

तुला माझा राग येईल. येऊ दे. नोकरीचा कागद हाती पडल्यावर तो काढ.

आशीर्वाद आहेतच, या खेपेला जास्तच समज.
सिद्धोधनमामा


जिंतूर,
दि. ३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप मामांस,
जय भीम.

मी सही केली नाही.

कळवायला महिना लावला, कारण निकाल लागल्याशिवाय लिहायचं नव्हतं. तो लागला. ऑगस्टच्या पत्रकात छापून आलंय की योग्य उमेदवाराअभावी यंदाची अभ्यासवृत्ती रद्द करण्यात आली आहे. त्याच पानावर सरांना शाल घालतानाचा फोटो आहे.

तुमचं पत्र वाचून मी पेन उघडलं होतं, खरंच. मग डोळ्यांपुढं आलं की तिथं दोन वर्षं मी काय करणार. खेड्यातल्या पोरांच्या वर्गात जाऊन सांगणार की तुम्ही घरी बोलता ते चूक नाही, बोला. आणि माझ्याच सहीचा कागद सांगणार की ही बाई बोलली ते खोटं होतं. मला ते जमेना. 'खोटी माहिती दिली' हे शब्द वगळून, माझ्या उत्तराचा चुकीचा अर्थ घेतला गेला, असं मी लिहिलं आणि पाठवलं. आपला खुलासा विहित नमुन्यात नाही, एवढंच उत्तर आलं. सर त्यानंतर फोन घेत नाहीत.

मी फार शूर आहे असं समजू नका. सोमवार उलटून गेल्यावर मी मूर्खपणा केला असं वाटून रडले. अजूनही दिवसातून एकदा तसं वाटतं. आणि राग तर सगळ्यांचाच येतो. मॅडमचा येतो, सरांचा येतो, स्टाफरूममधल्या हसणाऱ्यांचा येतो. तुमचाही आला. आधी भीक मागू नकोस म्हणालात आणि नंतर पाय धर म्हणालात. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. तुम्हीच म्हणाला असतात की करू नकोस, तर मला एकटीला हे ओढावं लागलं नसतं.

आईचे फोन येतायत, मी उचलत नाही. ती गोधडीचं विचारील आणि मला उत्तर देता येणार नाही. तिला तुम्हीच सांगा.

माझा लोभ सध्या आटला आहे, तुमचा असू द्या.
संघप्रिया


परभनी,
दि. ९ आगस्ट

चि. संघप्रियास आईचा जय भीम.

तू फोन उचलंनास म्हनून लिवायले. मह्या अक्षराला हसू नको. दादानंच शिकिवलं हाय, त्याला हस.

दादानं तुह्यं पत्र वाचून दाखिवलं. मी त्याला म्हनलं, मंग तो माफीचा कागद काय हाय त्योबी वाच. त्यानं वाचला. आदी त्यानं मला निस्तं माफी मागायची हाय एवढंच सांगितलं व्हतं. मला वाटलं उशीर झाल्याची माफी. तसली माफी मागायला काय जातंय, मी तर कामाला उशीर झाला की रोज मागायचे. खोटं बोलले असं लिवून द्यायचं हाय हे मला म्हाईत नव्हतं. मी दादासंग भांडले. तुही मामी बी गुडघा धरून मह्या बाजूनं भांडली. दादा दिवसभर जेवला न्हाई. आता आमी बोलायलो, तू काळजी करू नको.

पन तू लय बरं केलंस असं मी म्हननार न्हाई. तसं म्हनले तर खोटं व्हईल. मला लय वाईट वाटलं. मी आपल्या गावी चारठान्यात दोगी तिगींला सांगून बसले व्हते का पोरगी आता मोठ्या शाळंत शिकवनार. आता त्या इचारत्याल, तवा म्या काय सांगू? सही केली असतीस तर मला हे सांगावं लागलं नसतं. आन सही केली असतीस तर मह्या पोरीनं ती खोटी हाय असं सोताच्या हातानं लिवलं असतं. मला दोन्हीबी सहन व्हयना. मी रातभर इचार केला, कंच्या बाजूनं रागवावं ते समजंना.

तू मला इचारायला पायजे व्हतं. दादाला इचारलंस, मला न्हाई. मला कागदातलं कळत न्हाई असं तुला वाटलं का? खोटं काय आन खरं काय एवढं मला कळतंय. तू एकलीनं बसून ठरिवलंस आन एकलीच रडलीस, ह्याचा मला जास्ती राग हाय. सरांचा न्हाई, त्या मॅडमचा न्हाई, तुहाच हाय.

गोधडी शिवून झाली. आता जिंतूरात काय तेवढी थंडी नसती, पन घे.

रविवारी ये. तुला नीट रागवायचं हाय मला, फोनवर त्ये जमत न्हाई. रागवून झालं का जेवायला बसू.

माया कमी करू नको. मही कमी व्हत न्हाई, किती बी राग आला तरी.
तुही आई
कुसुमबाई