सासरेबुवांची रायफल अजून का दुरुस्त झाली नाही

रा. रा. रेमंडराव कँगस यांस,
धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे वेस्लीचा, नमस्कार पोचावा.

तुमचा गुडघा आता कसा आहे? आमच्याकडे सगळ्यांचे गुडघे थंडीनं धरतात. तुमचा ॲरिझोनाच्या उन्हात कसा धरला, हे डॉक्टरांनी सांगितलं तर मलाही कळवा. वहिनींच्या निवडुंगांना नमस्कार (नमस्कार लांबूनच केलेला बरा). संत्र्यांची पेटी पोचली. पोस्टाच्या गाडीतच ती गोठून दगड झाली होती. तुमच्या बाबांनी त्यातलं एक हातात घेऊन तोललं आणि "हे आपल्या रायफलच्या नळीत बसायचं नाही" एवढंच म्हणाले. नंतर वितळल्यावर मी त्यांचा मुरंबा घातला. खाण्याजोगा झालाय. तुमच्या बहिणीच्या, सिल्व्हियाच्या, हातचा नाही, पण पावावर पसरतो.

तर मुद्द्यावर येतो. परवा फोनवर तुम्ही जरा वैतागूनच विचारलंत की एक रायफल नीट करायला दोन बाप्यांना वर्षाहून जास्त कसं लागतं. मी तेव्हा "लाकूड, हवा, दमटपणा" असं काहीतरी पुटपुटलो, कारण फोनच्या शेजारच्या खुर्चीत म्हातारबुवा बसले होते. (त्यांना ऐकू येत नाही हा तुमचा समज आहे. त्यांना जे नको असतं ते ऐकू येत नाही.) म्हणून हे पत्र.

रायफल सिल्व्हियानं आणली हे तुम्हाला माहीत आहेच. बाबांच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांची हरणं मारायची जुनी बंदूक डॉक्टरांनी बंद केली, त्या शरदातली गोष्ट. जुन्या बंदुकीचा दणका खांद्यात नवे बसवलेले खिळे उपटून काढील, असं डॉक्टरांचं म्हणणं. सिल्व्हियाची स्वतःची औषधं तेव्हा सुरू झाली होती. डोक्यावर ती निळी लोकरी टोपी घालून ती दुकानात गेली आणि ही बोल्टची (हातानं दांडा मागं-पुढं करून काडतूस भरायची) रायफल घेऊन आली. हिच्यात बाबांच्या रिव्हॉल्व्हरचीच काडतुसं चालतात, त्यामुळे दणका मांजरानं ढुशी दिल्याएवढाच. बाबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हे पिस्तुलाचं काडतूस. हरीण हसेल." सिल्व्हिया म्हणाली, "हसू दे की. हसताना जागचं हलणार नाही." बाबांनी आभार मानले नाहीत. पण त्या दिवशी जाताना रायफल स्वतःच्या कोटात गुंडाळून नेली आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर बर्फातून चालत गेले.

जानेवारीत काय झालं ते तुम्ही येऊन पाहिलंत. तुम्ही विमानानं परत गेल्यावर जे उरलं ते मात्र तुम्ही पाहिलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय रायफलचं कळणार नाही. आमच्याकडची जमीन मे महिन्यापर्यंत लोखंडासारखी असते. कबर खणता येत नाही, म्हणून गेलेल्या माणसाला दफनभूमीच्या त्या दगडी खोलीत ठेवतात आणि आपण घरी येऊन वाट बघतो. लहानपणापासून हे बघत आलोय, कधी विचित्र वाटलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात वाटलं. भांडी घासताना, गाडीवरचं बर्फ खरडताना सारखं मनात यायचं की ती अजून तिकडे ताटकळत बसलीय आणि आपण तिला न्यायला गेलो नाही.

अशा एका शनिवारी सकाळी दार वाजलं. बाहेर तुमचे बाबा, काखेत रायफल.

"अडकतेय," म्हणाले.

रेमंडराव, इतक्या वर्षांत बाबा आणि मी कधी दोघंच एका खोलीत बसलो नव्हतो. माझ्या वतीनं त्यांच्याशी आणि त्यांच्या वतीनं माझ्याशी सिल्व्हियाच बोलायची. ("बाबा म्हणतायत मांस-बटाट्याची पेस्टी छान झालीय." बाबा काहीही म्हणालेले नसायचे.) आता मध्ये ती नव्हती, फक्त रायफल होती. मी ती तळघरात नेली आणि दिवा लावला.

अडकत होती हे खरं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला कंगोरा असतो. रिव्हॉल्व्हरच्या चाकात ते शहाण्यासारखं बसतं. पण रायफलच्या मॅगझीनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, बोल्टनं पुढं ढकलायला गेलं, की एकाचा कंगोरा दुसऱ्याच्या कंगोऱ्यात अडकतो आणि गोळीचं बोथट नाक नळीच्या तोंडावर जाऊन आपटतं. आम्ही दारू न भरता खोटी काडतुसं तयार केली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बोल्ट मागं-पुढं करत राहिलो. एक काडतूस उडून माझ्या मळलेल्या कणकेत रुतलं. बाबा उठले, ते बोटानं उकरून काढलं, सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा मॅगझीनमध्ये घातलं. मग गोळी काडतुसात केसभर खोल बसवून पाहिली, नळीच्या तोंडाची धार बारीक कागदानं घासून गुळगुळीत केली, आणि मार्चपर्यंत बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा चालू लागला. मला वाटलं, संपलं काम. पुढच्या शनिवारी बाबा हजर. "चालतेय," म्हणाले, "पण लागत नाही."

तेही खरं निघालं. गावच्या चांदमारीवर गेलो. तिथली व्यवस्था व्हिएन्ना ओलिला बघते, तुमच्या वर्गातली, अजून तशीच तोंडाळ. वाळूच्या पिशव्यांवर नळी टेकवून बाबांनी पन्नास यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या. व्हिएन्ना दुर्बिणीतून बघत होती. "रेनो," ती बाबांना म्हणाली, "यातल्या चार कागदावर आहेत आणि पाचवी राज्याची हद्द ओलांडून विस्कॉन्सिनात गेली." आम्ही गोळ्यांचा पसारा घरातल्या भांड्यांनी मोजायचो. पहिल्या दिवशी तो जेवणाच्या ताटाएवढा होता. दारूचं माप बदललं, वेगळ्या वजनाच्या गोळ्या आणल्या, चाप हलका केला. पसारा ताटावरून सूपच्या वाडग्यावर आला आणि तिथंच अडून बसला. मग बाबांनी निदान केलं की दस्त्याचं लाकूड नळीला एका बाजूनं रेटतंय. लाकूड तासायचं आणि लोखंड जिथं लाकडात बसतं तिथं राळ ओतून पक्की बैठक करायची.

राळ ओतण्याआधी लोखंडाला मेण फासावं लागतं, नाहीतर ते कायमचं चिकटतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी रायफल दस्त्यातून निघेना.

"मेण लावलं होतंत ना?" मी विचारलं.

"मला वाटलं तू लावलंस."

"मला वाटलं तुम्ही."

"जावईबापू," ते म्हणाले (जावईबापू म्हणाले की समजायचं, आपली चूक ठरली), "तू मेथडिस्ट पंथाचा. नुसत्या 'मला वाटलं'वर जगतोस."

आधी ती बर्फात ठेवून पाहिली, थंडीनं आकसून सुटेल म्हणून. सुटली नाही. मग ऊब दिली तर राळ मऊ पडेल, असा विचार निघाला, आणि अख्ख्या गावात बाबांच्या सॉनाइतकी, त्यांच्या त्या वाफेच्या खोलीइतकी, ऊब कुठंच नाही. म्हणून एका संध्याकाळी तुमचे ऐंशी ओलांडलेले वडील आणि मी, दोघंही जन्माला आलो तेव्हा होतो तसे, तापलेल्या दगडांशेजारी रायफल मांडीवर घेऊन बसलो आणि आळीपाळीनं रबरी हातोडीनं ठोकू लागलो. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला. पाद्रीणबाई हॅल्वर्सन.

"रेनो, आत कोण आहे?"

"मी आणि जावई."

"आणि ते ठोकणं कसलं?"

"रायफल."

बाई बऱ्या आहेत, त्यांनी पुढं विचारलं नाही. म्हणाल्या, "जमीन मऊ झालीय, रेनो. खणणाऱ्यांचं म्हणणं, शनिवारी सिल्व्हियाला बाहेर आणू या."

बाबा दगडांकडे बघत होते. "शनिवारी नको," ते म्हणाले. "शनिवारी आमचं काम असतं."

बाबांनी पळीभर पाणी दगडांवर ओतलं. इतकी वाफ झाली की मला त्यांचा चेहरा दिसेना, आणि मला वाटतं त्यांनी ते त्यासाठीच ओतलं. वाफेतून आवाज आला, "बरं. शनिवारीच." मग त्यांनी हातोडी घेऊन असा एक घाव घातला की दस्ता सुटून बाकाखाली गेला. तो उचलायला दोघांपैकी कोणीच वाकलं नाही.

तुम्हाला गुडघ्यामुळे त्या दिवशी येता आलं नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नका. ऊन होतं. डास नव्हते. बाबांनी पहिली मूठ माती टाकली आणि ती मऊ आहे का हे बोटांनी चुरून पाहिलं. दुपारी लोक गेल्यावर ते काळ्या सुटातच तळघरात उतरले. मीही टाय न सोडता मागं गेलो. आम्ही दस्ता बसवला, पुढचा स्क्रू आवळला, आणि तो हलला तर कळावं म्हणून मी त्याच्या डोक्यावर सिल्व्हियाच्या नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला. बाटलीत थोडासाच उरला होता. बाबांनी झाकण माझ्या हातून घेतलं आणि स्वतः घट्ट लावलं.

ऑगस्टमध्ये ती रायफल जमली. पाचच्या पाच गोळ्या मुरंब्याच्या बरणीच्या झाकणाखाली झाकल्या गेल्या. व्हिएन्नानं तो कागद भिंतीवर डकवला. मी आनंदात होतो. बाबांनी पेस्टी अर्धीच खाल्ली आणि गाडीत म्हणाले, "मग झालं म्हणायचं." घराशी उतरताना त्यांनी मला हात दिला. निरोपाचा. इतक्या शनिवारांत कधी दिला नव्हता.

पुढच्या शनिवारी नेहमीच्या वेळी दार वाजलं. "बिघडली," ते म्हणाले. चांदमारीवर गेलो तर पसारा पुन्हा ताटाएवढा. घरी आणून उलटी केली. लाल ठिपका मधोमध तडकलेला, स्क्रू चांगला दोन आटे ढिला. हवेनं, दमटपणानं, कशानंही असं होत नाही, रेमंडराव. असं फक्त स्क्रू-ड्रायव्हरनं होतं. मी वर पाहिलं. ते टोपीची कड बोटांत फिरवत होते.

"लाकूड हललेलं दिसतंय," मी म्हणालो.

"तसंच असेल," ते म्हणाले. "कॉफी आहे का?"

त्यानंतर कधी रायफलवरच्या दुर्बिणीची कडी सैल, कधी चापाची स्प्रिंग उलटी. एकदा मॅगझीनमध्ये पावाचा कण सापडला (तो ओळखीचा पाव होता). त्यांची नजर आता पूर्वीची नाही, त्यामुळे बिघाडही पूर्वीसारखे सुबक होत नाहीत. परवाचा ओरखडा पाहून मलाच वाईट वाटलं. नोव्हेंबरात हंगाम उघडला तेव्हा मी रायफल आदल्या दिवशी स्वतः तपासून दिली होती. मचाणासमोर मोठा नर येऊन उभा राहिला, आडवा, निवांत. बाबांनी दुर्बिणीतून त्याला पुष्कळ वेळ पाहिलं आणि बोल्ट उघडून काडतूस काढून घेतलं.

"का हो?" मी विचारलं.

"अजून भरवसा नाही हिचा," म्हणाले.

यंदा दोघांच्याही घरात हरणाचं मांस नाही. तुमच्याकडे पाठवता आलं नाही, त्याबद्दल वहिनींची क्षमा मागतो. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपा.

तुमचा,
वेस्ली ट्रेगिअर

ता. क. मूळ सांगायचं राहूनच गेलं. गावातल्या दुकानातून मला फोन आला होता. बाबांच्या वाढदिवसासाठी तुम्ही परस्पर नवी रायफल मागवून ठेवलीत म्हणे, खोक्यातून काढल्या काढल्या नेमकी लागणारी. तुमचा हेतू मला कळतो. पण हात जोडून सांगतो, ती रद्द करा. त्याऐवजी गुडघ्याला झेपलं तर उन्हाळ्यात तुम्हीच या. शनिवार धरून या.

ता. क. २. मला कळलंय हे बाबांना कळू देऊ नका. आणि ऑक्टोबरातली दुर्बिणीची कडी मी ढिली केली होती. त्यांना सर्दी झाली होती, आणि काही न बिघडवताच आले होते.

ता. क. ३. पाकिटावर पत्ता घालताना ते मागं येऊन उभे राहिले. कोणाला लिहितोयस, विचारलं. रायफलच्या कंपनीला, तक्रार, असं मी सांगितलं. पाकिटावर तुमचं नाव होतं. ते त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "चांगलं ठणकावून लिही. दुरुस्त होण्यातली नाही म्हणून लिही."