माझ्या टाकीत तरी छान आहे

८ मार्च, शनिवार

आज सकाळी कप्तानच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेव्हाच वाकून आत शिरलो आणि तिथली तिन्ही फ्लॉवरपॉट कोरल विकत घेतली. कप्तान चाट पडला! खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, विकतो तो. आयुष्यात होडीत बसलेला नाही, टोपी मात्र आगबोटीवरची. "काय कवळीवाले, लॉटरी लागली का?" मी दातांच्या कवळ्या बनवतो म्हणून हे नाव. जुनी दोस्ती आहे, चालायचंच.

कारण त्याला सांगितलं नाही, इथे लिहितो. फ्लॉवरपॉट हे कोरल दिसतं फार देखणं. दगडावर फुलांचा गुच्छ ठेवावा आणि तो श्वास घेत असावा, तसं. प्रत्येक नवखा त्याच्याकडेच बोट दाखवतो. आणि नवख्याच्या टाकीत ते हमखास मरतं. लगेच नाही— तीच तर गोम आहे. काही महिने उपाशी राहून आक्रसत जातं. मग माणूस म्हणतो, माझंच काहीतरी चुकलं. माझी टाकी जुनी, मुरलेली. पंप बंद करून रोज ड्रॉपरने भरवायला मला सवडही आहे. तीन जीव वाचले.

हिने टाकीत डोकावून पाहिलं. "मला कधी एक घास भरवला नाहीत, आणि ह्यांना ड्रॉपरने!"

९ मार्च, रविवार

आम्हा कोरल पाळणाऱ्या हौशी मंडळींची बैठक झाली. वातावरण छान. आता आमच्याकडे रीत बसली आहे— विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. विचारलं तर आधी त्याच्या पाण्याची चौकशी करायची. आणि 'असं करा' म्हणायचं नाही. 'माझ्या टाकीत असं झालं' एवढंच म्हणायचं. हे शेवटचं कलम माझं! पूर्वी नुसती हमरीतुमरी चालायची. एक म्हणे दिवा वर घ्या, दुसरा म्हणे खाली घ्या, आणि ज्याचं कोरल आजारी तो मधे रडकुंडीला आलेला. प्रत्येकाची टाकी वेगळी, पाणी वेगळं. आपण कोण मोठे लागून गेलो हुकूम सोडणारे? या कलमाचा मला अभिमान आहे. निदान इथे तरी लपवत नाही.

१० मार्च, सोमवार

तिन्ही पूर्ण उघडली. पूजेला बसलो होतो, नजर सारखी तिकडेच. देवाची क्षमा मागितली. पण करणी त्याचीच ना!

१३ मार्च, गुरुवार

कप्तानकडे सहा फ्लॉवरपॉट!

"हे काय रे?"

"अरे, एरवी महिन्यात एखादं जातं. आणि एका सकाळी तीन गेली! माल उठतोय म्हटल्यावर मागवायला नको? सगळी तुझीच कृपा."

वर चहा पाजला. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तीन वाचवायला गेलो आणि सहा आणवली. चहा चांगला होता.

१५ मार्च, शनिवार

दुकानात पोस्टातल्या ताई भेटल्या. तिकिटांच्या खिडकीवर बसतात, तोंडओळख आहे. वर्षभरापूर्वी छोटी टाकी घेतली, दोन कोरल आणली, दोन्ही मेली. "आता घरात ठरलंय," हसत म्हणाल्या, पण हसू ओढूनताणून आणलेलं. "आता आणेन ते मेलं की टाकी विकायची. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला गुणच नाही. मलाही पटायला लागलंय."

आणि बोट फ्लॉवरपॉटकडे.

"घ्या ताई, या वेळी जगेल बघा," कप्तान म्हणाला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "दादा, तुम्ही जाणकार. घेऊ का हे?"

विचारलं की! आता कुठलीच रीत आड येत नव्हती. कप्तान काउंटरवर कोपर टेकून माझ्याकडेच बघत होता. त्याच्या दुकानात उभं राहून, त्याचा चहा पिऊन, त्याच्याच गिऱ्हाइकाला 'नको' म्हणू?

म्हणालो, "माझ्या टाकीत तरी छान आहे."

"दादा म्हणतात म्हणजे प्रश्नच मिटला." त्यांनी लगेच बांधून घेतलं.

मी 'घ्या' म्हणालो नाही. एक अक्षर खोटं बोललो नाही. अगदी रीतीला धरून बोललो.

१६ मार्च, रविवार

देवासमोर बसलो. आज तोही माझ्याकडे नीट बघेना.

१८ मार्च, मंगळवार

दुपारी दातांच्या डॉक्टरांचा फोन. कवळीचं माप पाठवलं होतं, गुरुवारपर्यंत हवी म्हणाले. माप एका कडेला ओढलं गेलं होतं. म्हणालो, "ह्यावर बनवली तर टोचणार. माप परत घ्या."

"अहो, पेशंट लांबून येतो."

"येऊ द्या. हिरडी त्याची आहे."

फोन ठेवला, आणि हातातला मेण कोरायचा चाकू तसाच राहिला. इथे कसं पटकन बोलता येतं मला!

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. भाजी चिरत ऐकत होती. "मीठ जरा जास्त पडलं की पहिल्या घासाला तोंड उघडतं तुमचं. तिथे काय ओठ शिवले होते?"

"अगं, दुकान त्याचं."

"आणि भरवसा कोणावर टाकला तिनं? त्याच्यावर की तुमच्यावर?"

मी पाणी प्यायला उठलो.

२१ मार्च, शुक्रवार

तिकिटं घ्यायच्या निमित्ताने पोस्टात गेलो. मला बघताच ताईंनी ड्रॉवरमधून मोबाइल काढला. फोटोत फ्लॉवरपॉट अर्धवट मिटलेलं. "रोज पाणी तपासते, दादा. दिवाही बदलला. तुमच्याकडे छान आहे ना? मग माझ्याकडेच का? सासूबाई बोलतात ते खरंच असेल."

मागचा माणूस घसा खाकरत होता. "थोडा वेळ द्या त्याला," असं काहीतरी पुटपुटून निघालो. पुन्हा तेच!

रस्त्यात विचार केला. कोरल एक मरेल. पण ही बाई आपला हातच वाईट असं धरून बसेल, जन्मभर, आणि त्या दाखल्यावर सही माझी. मी जितकं सभ्यपणे बोललो, तितकं तिला ते खरं वाटलं. 'माझ्या टाकीत' म्हणून मी लहानपण घेत नव्हतो. त्या शब्दांच्या आड लपत होतो.

ठरलं. सांगायचं. पण कप्तानच्या पाठीमागे नाही. आधी त्याला.

२३ मार्च, रविवार

दुकान रिकामं होतं. सरळ म्हणालो, "नवख्यांना फ्लॉवरपॉट विकू नकोस. आणि पोस्टातल्या ताईंना मी खरं सांगणार आहे."

"काय खरं?"

"तुला माहीत आहे तेच."

त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं, डोकं पार उघडं पडलंय. "लोकांना सुंदर हवं असतं रे. मी काय शेवाळ विकू? तुझं बरं आहे, दात कोणाचे ना कोणाचे पडतातच."

हसू आलं मला. त्याच्याही ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं. "तुला कोणी विचारलं होतं का मधे पडायला?"

"त्यांनीच. तुझ्या देखत."

"मग तेव्हा बोलायचं होतंस! आता बोललास तर गावभर माझी शोभा. असं करणार असलास तर ही पायरी पुन्हा चढू नकोस. माझ्या पोटावर पाय देणारा दोस्त नको मला."

यातलं अर्धं त्याचं बरोबर आहे. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याला तसं म्हणालोही. तो टाक्यांच्या काचा पुसायला लागला.

माझ्या टाकीतलं पहिलं कोरल त्याने मला पैसे न घेता दिलं होतं, जगलं तर सांग म्हणाला होता. सुट्टीची सकाळ म्हणजे त्याचं दुकान. दुसरीकडे कुठे जायची मला सवयच नाही.

२४ मार्च, सोमवार

मन स्वच्छ आहे. भीती अजिबात नाही. वाईट मात्र वाटतंय.

२५ मार्च, मंगळवार

सांगितलं. पोस्टाच्या खिडकीवरच. "ताई, ते कोरल नवख्याच्या टाकीत जगत नाही. मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत आणि मी दोस्ताचं तोंड बघून बोललो."

त्यांनी हातातला शिक्का खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "आधीची दोन्हीही हीच होती, दादा. त्याच दुकानातली."

रांग कुरकुरायला लागली. वळून म्हणालो, थांबा जरा! मग ताईंना सांगितलं— "पहिली दोन कप्तानने मारली. तिसरं मी मारत होतो. ते संध्याकाळी माझ्याकडे आणून द्या. आणि टाकी विकायची नाही."