सातवं मत

३ मार्च, मंगळवार
पार्किन्सन संस्थेच्या समितीत सहा जणांची मतं तीन-तीन. सातवी मी — रुग्णांच्या घरच्यांची प्रतिनिधी! संस्थेकडे यंदा पैसा एकाच कामापुरता. पार्किन्सनच्या चाळीस रुग्णांकडे घरोघर जाऊन व्यायाम शिकवणारी फिजिओताई, नाहीतर प्रयोगशाळेतलं संशोधन. "अर्धं-अर्धं करा की," मी म्हटलं. खजिनदार म्हणाले, "मग ना धड हे, ना धड ते." सोमवारपर्यंत सांगायचंय.

५ मार्च, गुरुवार
हे आज पुन्हा दारात थिजले. पाय जागचे हलेनात. फिजिओताईने फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यात. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचललं जातं. "आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता स्वतःचं घर मोजतोय," हे म्हणाले. ताई हसली. मला नाही हसू आलं.
माझं मत ठरलंय. यात विचार कसला करायचा?

८ मार्च, रविवार
सकाळी ह्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. एकदम म्हणाले, "मत संशोधनाला दे."
मी चिडले. संशोधक बाई स्वतःच म्हणाल्यात — दहा वर्षं तरी लागतील, कदाचित हाती काहीच लागणार नाही. "तोवर तुम्ही असाल का?" तोंडून निघून गेलंच!
"नसेन. तरी दे."
लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. ह्यांनी कधी काही मागितल्याचं आठवत नाही.

९ मार्च
हात वर केला. संशोधनासाठी. फिजिओताई बाहेर बाकावर बसली होती. "काकू, तुम्हीसुद्धा?"

२ एप्रिल
ताईचं येणं कालपासून बंद. चाळिसांतल्या एका बसड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला. तिच्या नवऱ्याला घास नीट गिळता येत नाही, ताई शिकवत होती. "तुम्ही आमच्या बाजूच्या ना हो?" काय सांगणार? नवरा म्हणाला म्हणून? तिने फोन ठेवला, तरी मी कानाला धरून उभीच.

१९ एप्रिल
हे बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, चालण्याची आशा धरू नका. मी ह्यांना नको ते बोलले. "झालं समाधान?" हे भिंतीकडे बघत पडून राहिले. चाळीस घरांचे तळतळाट घेतले मी — कशासाठी?

२६ एप्रिल
लेक भेटायला आली. खिडकीतून बघत होते. फाटकातून चालत येताना उजवा हात हलत होता. डावा अंगाशी चिकटलेला, लाकडासारखा. ह्यांचं अगदी असंच सुरू झालं होतं.
पलंगाकडे वळले. हे माझ्याकडेच बघत होते.
"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"
"वर्ष झालं. तिला बोलू नकोस."