निळा स्वेटर

मयूर विहार, शनिवार, डिसेंबर १९९६

आमच्या डॉक्टरांनी आज त्यांच्या परिषदेला बोलावलं होतं. पडद्यावर माझ्या मुलाचा, मनूचा फोटो आला. कुणी ओळखू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. पण अंगात मी विणलेला निळा स्वेटर! "या आजाराची देशातली पहिलीच केस," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात लखनौच्या डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांच्याकडेही अशीच एक मुलगी आहे. सगळे खूश. दोन केसेस ताडून पाहिल्या तर कारण सापडेल म्हणे.

मला मात्र त्या मुलीची आई हवी होती. तिलाही वाटत असेल का, हे फक्त आपल्याच घरात? चहाच्या वेळी डॉक्टरीणबाईंकडे पत्ता मागितला. देता येत नाही म्हणाल्या. अच्छा, मग तिचं माप तरी सांगा?

त्यांनी कप खाली ठेवला. "आपके बेटे जितनी ही है."

येताना लोकर घेतली. निळीच.